नव्या गाडीला मशिन पॉलिश: रंग सुधारतो की झिजतो?

घोडबंदरकर
गेल्या दसऱ्याला काळी कॉम्पॅक्ट एसयूव्ही घेतली. राहायला वाघबीळला, गाडी ओपन पार्किंगमध्ये. परवा सर्व्हिसिंगला दिली तर तिथल्या ॲडव्हायझरने बॉनेटवर टॉर्च मारली आणि म्हणाला, "सर, हे बारीक ओरखड्यांचं जाळं बघा. रबिंग-पॉलिश करून घ्या, एकदम शोरूम कंडिशन." साडेचार हजार. टेफ्लॉन कोटिंगचे वेगळे.

घरी मेव्हणे बसले होते. ते म्हणाले, नव्या गाडीला मशिन अजिबात लावू द्यायचं नाही, दर पॉलिशला रंग पातळ होतो.

टॉर्च मारेपर्यंत मला काहीच दिसत नव्हतं. आता मात्र रोज सकाळी उन्हात तेवढंच दिसतं. गाडी दोन-तीन वर्षांच्या आतली असताना कोणी मशिन पॉलिश करून घेतलंय का? पैसे वसूल झाले का? की मेव्हण्यांचं ऐकू?

खारघरी_मीनल
वाचतेय. माझी ग्रे आहे आणि मलाही हेच पॅकेज चिकटवत होते.

बादलीबहाद्दर
मी गाडी धुतच नाही. घोडबंदर रोडची धूळ हेच आमचं पीपीएफ, म्हणजे रंगावर चिकटवायची संरक्षक फिल्म. (ह.घ्या.)

पेंटशॉपवाले_काका
मेव्हणे अर्धे बरोबर आहेत. मी गाड्यांच्या रंगाच्या लाइनवर बरीच वर्षं काढली आहेत, त्यामुळे जरा लांबण लावतो.

पत्र्यावर सगळ्यांत आधी ईडी कोट बसतो, साधारण २० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन). गंजाचं काम तो सांभाळतो. त्यावर प्रायमर, ३० च्या आसपास. मग बेस कोट, म्हणजे तुमचा काळा रंग, फार तर १५ ते २०. आणि वर क्लिअर कोट, ज्याला गॅरेजमध्ये लॅकर म्हणतात, ३५ ते ५०. काही कारखान्यांत प्रायमरचा वेगळा थर आता नसतोही. सगळं मिळून १०० ते १४० मायक्रॉन धरा. डोक्यावरचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास असतो, म्हणजे लॅकर त्याहूनही बारीक.

तुमचं जाळं त्या लॅकरमध्ये आहे, काळ्या रंगाला धक्का लागलेला नाही. ओरखड्याच्या कडेवर उजेड विखुरतो, म्हणून काळा रंग करडा, दुधट दिसायला लागतो. पॉलिशमधले बारीक कण आजूबाजूचं लॅकर कापत कापत ओरखड्याच्या तळापर्यंत आणतात आणि पृष्ठभाग पुन्हा सपाट होतो. ओरखड्यात काही भरलं जात नाही, भोवतालचा माल कमी होतो.

तेव्हा दिसण्यात फरक पडतो, आणि चांगला पडतो. टिकण्यात पडत नाही. उन्हातली अतिनील किरणं अडवणारी द्रव्यं याच लॅकरमध्ये असतात. एकदा दोन मायक्रॉन गेले तर काही बिघडत नाही. पण दर सर्व्हिसिंगला "रबिंग" करणाऱ्यांच्या गाड्या पाहा, टपावर आणि बॉनेटवर पांढरे चट्टे येऊन लॅकरचे पापुद्रे सुटलेले असतात. मग पॉलिश उपयोगाचं नाही, पॅनेल रंगवायलाच लागतं. कारखान्यातलं लॅकर १४० अंशांच्या आसपास भट्टीत भाजलेलं असतं. गॅरेजच्या बूथमध्ये ६० अंशांवर वाळवलेल्या रंगाला ती सर येत नाही.

कळव्याचा_पक्या
काका, एक नंबर प्रतिसाद. पण मग गोल गोलच ओरखडे का येतात? पुसणारा गोल फिरवतो म्हणून ना?

पेंटशॉपवाले_काका
नाही. ओरखडे सगळ्या दिशांना असतात. दिव्याच्या उजेडाला आडवे असलेले तेवढे चमकतात, म्हणून दिव्याभोवती वर्तुळं दिसतात. टॉर्च सरकवा, वर्तुळंही सरकतील. फडकं सरळ रेषेत फिरवलं म्हणून ओरखडे थांबत नाहीत, फडक्यात वाळू नसली पाहिजे.

पक्षीवेडा_सीवूड्स
आमच्याकडे वाळूपेक्षा शिटांचा प्रश्न मोठा. फ्लेमिंगोंना दोष देऊ नका, ते बिचारे पाणथळीत असतात. २०१५ साली ठाणे खाडीचं अभयारण्य झालं, २०२२ साली रामसर दर्जा मिळाला, पण माझ्या टपावर येतात ते कावळे आणि कबुतरंच. त्यांना कसलाच दर्जा नको असतो.

तुर्भे_डिटेलर
माझा डिटेलिंगचाच धंदा आहे, त्यामुळे माझं मत कोणत्या बाजूला झुकणार ते धरूनच वाचा. दुकानाचं नाव सांगत नाही, कृपया विचारू नका.

काकांशी बव्हंशी सहमत. एक सोडून. "नवी गाडी" म्हणजे "निर्दोष रंग" असं कोणी समजू नये. गाडी कारखान्यातून ट्रेलरवर येते, यार्डात महिनोन्महिने धूळ खात उभी राहते आणि डिलिव्हरीच्या सकाळी एक पोरगा त्याच त्या फडक्याने दहा गाड्या पुसतो. काळी गाडी असेल तर शोरूममधून निघतानाच तिच्यावर जाळं असतं. त्यामुळे नव्या गाडीला एकदा हलकं पॉलिश हे दर वेळी पैसे उकळणं नसतं.

प्रश्न कोण करतं आणि कशाने करतं हा आहे. सर्व्हिस सेंटरमध्ये बहुतेक ठिकाणी रोटरी मशिन, लोकरी पॅड आणि जाड कंपाउंड. रोटरी एकाच जागी फिरतं, उष्णता करतं, हात कच्चा असेल तर कडेचा रंग जाळतं. आम्ही नव्या गाडीला डीए वापरतो, म्हणजे पॅड फिरतोही आणि हलतोही. मऊ फोम पॅड, बारीक पॉलिश, एक हात. त्यात एक ते तीन मायक्रॉन जातात. बहुतेक जाळं निघतं, खोल दोन-चार रेघा राहतात. त्या राहू द्यायच्या. नख अडकतं अशा रेघेच्या मागे लागलात की लॅकर संपलंच म्हणून समजा.

आणि हो, सुरू करायच्या आधी पेंट गेज (रंगाची जाडी मोजायचं यंत्र) लावून रीडिंग दाखवायला सांगा. दुकानात गेज नसेल तर चहा पिऊन परत या.

मीनाक्षी_ऐरोली
+१, विशेषतः रोटरीबद्दल. आमच्या मरून सेदानला एका ठिकाणी (नाव लिहीत नाही) करून घेतलं होतं. दिवसा गाडी झकास. रात्री पेट्रोल पंपाच्या दिव्यांखाली उभी केली तर पूर्ण बॉनेटभर फिरत्या सावल्या, मशिन जसं फिरलं तसे पट्टे. नवरा म्हणाला होलोग्राम आहे, मी म्हटलं त्याचे जास्तीचे पैसे तर नाही ना लावले? वर बॉनेटच्या मधल्या उंचवट्यावर रंग पार उडून प्रायमर दिसत होता. भांडून भांडून पॅनेल रंगवून घेतलं, पण शेड आजही उन्हात वेगळी कळते.

बादलीबहाद्दर
म्हणून म्हणतो, धूळ.

कोलशेत_रोड
एक कोणी बोललंच नाही. सर्व्हिस सेंटरचं पॉलिश दोन-तीन धुण्यांत "उतरतं" आणि जाळं परत दिसतं, हा अनुभव कोणाला आहे का? माझ्या भावाच्या गाडीला पावसाळ्याच्या आधी केलं, गणपतीत परत जसंच्या तसं.

तुर्भे_डिटेलर
कोलशेत, ते पॉलिश नसून ग्लेझ असणार. त्यात तेलं आणि फिलर असतात, ती ओरखड्यात बसून झाकतात आणि शॅम्पूने निघून जातात. पकडायचं कसं ते सांगतो. काम झाल्यावर एका पॅनेलवर आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात पातळ करून मारायला सांगा, स्वच्छ मायक्रोफायबरने पुसा आणि मग टॉर्च मारा. तेव्हा जे दिसेल तेच खरं. जो दुकानदार हे करू देत नाही त्याचं उत्तर तिथेच मिळालं.

तसं ग्लेझ वाईट नाही. लॅकर वाचतं आणि लग्नाच्या दिवशी गाडी छान दिसते. फक्त ते पॉलिशच्या भावात विकू नये.

खारघरी_मीनल
माझा त्रास वेगळाय. टँकरच्या पाण्याचे पांढरे गोल डाग. सोसायटीत उन्हाळाभर टँकर, त्यात गाडी भर दुपारी धुतात. हे मशिनने जातात का?

कळव्याचा_पक्या
व्हिनेगर लाव ताई. स्वस्त आणि मस्त.

पेंटशॉपवाले_काका
पक्या, जपून. डाग ताजा असेल तर तो वर बसलेला क्षार असतो. पांढरं व्हिनेगर निम्मं पाणी घालून, गाडी थंड असताना, मिनिटभर ठेवायचं आणि भरपूर पाण्याने धुवायचं. बॉनेट तापलेलं असताना ओतून गप्पा मारत बसायचं नाही. डाग जुना असेल आणि धुतल्यावरही बोटाला खड्डा जाणवत असेल तर लॅकर खाल्लं गेलंय. तिथे मशिन लागेल, आणि तेही पूर्ण जाईलच असं नाही.

पक्ष्यांच्या शिटेचंही तेच. उन्हात लॅकर गरम होऊन मऊ पडतं, संध्याकाळी थंड होताना वाळलेल्या शिटेभोवती आवळून बसतं आणि तिचा आकार उमटतो. म्हणून सीवूड्सवाल्यांनी कोरडं खरवडायचं नाही. ओला टिशू ठेवायचा, मऊ झालं की उचलून घ्यायचं.

घोडबंदरकरांसाठी आणखी एक. तुमच्याकडे मेट्रोच्या कामाची सिमेंटची धूळ असेल. तिच्यावर पाऊस पडला की ती घट्ट धरते आणि ती अल्कधर्मीही असते. ती कोरड्या फडक्याने पुसणं म्हणजे पॉलिशचं पुढचं गिऱ्हाईक स्वतः तयार करणं.

सेक्रेटरी_सोसायटी
इथे सगळे मशिनवर बोलताहेत, पण मूळ दुखणं सकाळी सहाला येणारं फडकं आहे. आमच्या इमारतीत गाडी पुसायला महिन्याला सहाशे रुपये. एक बादली, एक फडकं, रांगेतल्या सगळ्या गाड्या. पाइपने धुवायला आम्ही कमिटीनेच बंदी घातली आहे, पाणी नाही म्हणून. आता मंडळी कमिटीला शिव्या घालणार, घाला.

मीनाक्षी_ऐरोली
शिव्या नाही, पण त्या पोराची बाजू घेते. एवढ्या गाड्या सहाशे रुपयांच्या भावाने पुसायच्या तर तो दोन बादल्या आणि दर गाडीला नवं फडकं कुठून आणणार? आम्ही आमची तीन मायक्रोफायबर फडकी त्याच्याकडे दिली, आमच्या गाडीला तीच वापरायची, धुवायला आमच्याकडे टाकायची. आणि सांगितलं, रोज पुसू नकोस. आठवड्यातून दोनदा, आधी पाणी मारून. पैसे तेवढेच ठेवले. त्याचाही वेळ वाचला.

सेक्रेटरी_सोसायटी
रोज पुसलं नाही तर आमच्याकडे मेंबर तक्रार करतात की पोरगा दांड्या मारतो!

कोलशेत_रोड
धाग्याचं रूपांतर एजीएममध्ये होण्याआधी विषयावर या रे. सिरॅमिक कोटिंगचं कोणी बोलेल का? मला ९एच सांगितलंय. किल्लीने ओढलं तरी रेघ पडत नाही म्हणे.

पेंटशॉपवाले_काका
९एच हे पेन्सिलीचं माप आहे. वेगवेगळ्या कडकपणाच्या पेन्सिली ठराविक दाबाने ओढून बघायच्या, कोणती खरचटते ते नोंदवायचं. खनिजांच्या कडकपणाच्या ज्या मापात हिरा दहावर असतो त्याच्याशी याचा काही संबंध नाही. रस्त्यावरची वाळू म्हणजे क्वार्ट्झ, ती त्या कोटिंगला सहज ओरखडे काढते. किल्लीची गोष्ट विकणाऱ्याच्या स्वतःच्या गाडीवर करून बघायला सांगा.

तुर्भे_डिटेलर
काका, धंद्यावर पाय देऊ नका हो. :) पण बरोबर आहे. सिरॅमिकने पाणी घसरतं, धूळ कमी चिकटते, धुणं सोपं होतं, पक्ष्यांची शीट काढायला थोडा वेळ मिळतो. ओरखड्यांपासून वाचायचं तर पीपीएफ, ती दीडशे-दोनशे मायक्रॉनची फिल्म असते आणि तिचा खर्चही तसाच. आणि जाळं न काढता वरून सिरॅमिक मारलं तर ते जाळं काचेखाली फ्रेम केल्यासारखं कायम दिसत राहतं. म्हणून कोटिंग करायचं असेल तर आधी हलकं पॉलिश हवंच. कोटिंग करायचं नसेल तर पॉलिशची घाई नाही.

कळव्याचा_पक्या
रुळांजवळ पार्किंग असणाऱ्यांनी क्ले बार (रंगात रुतलेले कण उचलणारी मऊ वडी) विसरू नका. धुतल्यावर प्लॅस्टिकच्या पिशवीत हात घालून बॉनेटवर फिरवा, खरखरीत लागलं तर लोखंडाचे कण रुतलेत. आमच्याकडे आयर्न रिमूव्हर मारला तर सगळी गाडी जांभळी झाली. बाबा ओरडले, रंग निघाला! रंग नव्हता, कण विरघळत होते.

तुर्भे_डिटेलर
आणि ते कण काढल्याशिवाय मशिन लावलं तर पॅडमध्ये अडकून नवे ओरखडे पाडतात. धुणं, आयर्न रिमूव्हर, क्ले, मग मशिन. सर्व्हिस सेंटरच्या तासाभराच्या कामात यातलं किती बसतं ते बघा.

घोडबंदरकर
सगळ्यांचे आभार, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. शनिवारी माजिवड्याजवळच्या एका दुकानात नुसतं गेज लावून घेतलं. बॉनेट १०५ ते ११२. टप ११८. डावीकडचे दोन्ही दरवाजे ११० च्या आसपास. उजवीकडचा पुढचा १०८.

उजवीकडचा मागचा दरवाजा २४०.

दुकानदाराने तीनदा तपासलं. गाडी कुठे लागलेली नाही, मी सोडून कोणी चालवत नाही. आता काय समजायचं?

बादलीबहाद्दर
चला, पॉपकॉर्न आणतो.

पेंटशॉपवाले_काका
२४० म्हणजे त्या दरवाजावर एकदा पुन्हा रंग मारलेला आहे. पुट्टी असती तर आकडा ५०० च्या पुढे गेला असता, म्हणजे पत्रा फारसा चेपलेला नसावा. लगेच फसवणूक समजू नका. कारखान्यातही लाइनवर दोष सापडला तर पॅनेल दुरुस्त करून पुन्हा भट्टीत घालतात. पण यार्डात किंवा ट्रेलरवर घासलं असेल आणि गुपचूप बाहेर रंगवलं असेल, तेही होतं. दरवाजा उघडून रबराची बीडिंग थोडी उचला. तिच्या कडेला रंगाचे तुषार किंवा टेपची रेघ दिसली तर काम कारखान्याबाहेरचं. बिजागरीच्या बोल्टवरचा रंग तुटलाय का तेही बघा.

मीनाक्षी_ऐरोली
आणि जे काही विचारायचं ते ईमेलवर विचारा. तोंडी विचारलं की "सर, सगळ्या गाड्या अशाच येतात" एवढंच मिळतं.

खारघरी_मीनल
पीडीआयला, म्हणजे डिलिव्हरीआधीच्या तपासणीला, लोक टायरची तारीख आणि ओडोमीटर बघतात, गेज कोण घेऊन जातं? यापुढे मी जाणार. मिळतं कितीला?

तुर्भे_डिटेलर
काही हजारांत साधं गेज येतं. मित्रमंडळींत मिळून एक घ्या. लक्षात ठेवा, ते पत्र्यापासून वरपर्यंतची एकूण जाडी सांगतं, त्यातलं लॅकर किती उरलंय ते सांगत नाही. प्लॅस्टिकच्या बंपरवर तर आकडाच येत नाही. म्हणून बंपरवर आम्ही सगळ्यांत जपून हात चालवतो.

घोडबंदरकर, २४० वाचून "इथे भरपूर माल आहे, घासा बिनधास्त" असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. बाहेर मारलेलं लॅकर मऊ असू शकतं आणि वरचा थर किती जाड आहे ते कोणालाच कळत नाही.

घोडबंदरकर
बीडिंगखाली टेपची रेघ आहे. ईमेल टाकला आहे. उत्तर "संबंधित विभागाकडे पाठवलं आहे" एवढंच.

पॉलिशचं ठरवलं ते असं. सर्व्हिस सेंटरला नाही म्हटलं. गेजवाल्या दुकानातच, डीए मशिनने, एका हाताचं काम, आधी बॉनेटच्या अर्ध्या भागावर करून अल्कोहोलने पुसून बघायचं, पटलं तरच पुढे. उजवा मागचा दरवाजा वगळून, त्याचा निकाल लागेपर्यंत. सहा हजार सांगितलेत. सिरॅमिक आत्ता नाही, वरून साधं सीलंट, म्हणजे संरक्षक थर. पुसणाऱ्याला फडकी दिली, मीनाक्षीताईंच्या पद्धतीने. मेव्हण्यांना हा धागा पाठवला, त्यांनी फक्त "अर्धे बरोबर" एवढ्याचा स्क्रीनशॉट काढून फॅमिली ग्रुपवर टाकलाय.

तुर्भे_डिटेलर
ठीक ठरवलंत. सकाळी लवकर द्या, पॅनेल थंड पाहिजे. बॉनेटचा उंचवटा, दरवाजांच्या कडा आणि काळं प्लॅस्टिक यांवर मशिन सुरू व्हायच्या आधी टेप लागली पाहिजे. टेप दिसली नाही तर किल्ली परत मागा.

कोलशेत_रोड
टेफ्लॉनवाल्या ॲडव्हायझरचा फोन आला का परत?

घोडबंदरकर
रोज. आता डिस्काउंटवर आलाय.